रंगाऱ्याचा फुगा

मिलिंदा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोला म्हणले. पेडगावच्या विहारापुढं मंडप, पांढऱ्या चादरीवर तुझा फोटो, समोर सगळं गाव. मी उठलो, माइक हातात घेतला. कुणीतरी म्हणलं, "जवळ धरा, बाबा, जवळ." जवळ धरला. अन् तसाच परत ठेवून खाली बसलो. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला भरून आलं. भरून-बिरून काही आलं न्हवतं. राग आला होता. माझ्या आधी जे बोलले त्यांनी तुझी एसटीतली नोकरी सांगितली, पोरींची लग्नं किती चांगल्या घरी करून दिलीस ते सांगितलं, निर्व्यसनी होतास ते सांगितलं. अन् एक जण शेवटी जाता जाता म्हणला, "त्यांना मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांचाही छंद होता."

छंद! अर्धी जिंदगी ज्यानं आपल्या पुस्तकांतला वावटळ्या जिता ठेवला, गावोगावच्या पोरांना टॉवेल कमरेला बांधून गरागरा फिरायला लावलं, त्याला छंद म्हणायलेत. मी बोललो असतो तर तिथं भांडण झालं असतं. तुझ्या फोटोपुढं भांडण नको म्हणून गप बसलो.

म्हणून आता लिहायलो. मला लिहायचं वळण न्हाई हे तुला ठाऊक. तिसरीतून शाळा सुटली. पुढं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रॅक्टरच्या मागं नावं काढली, पिठाच्या गिरणीवर मारुती काढला. पण अक्षर काढणं येगळं अन् लिहिणं येगळं. अक्षर मी कुणाहूनही देखणं काढतो. शब्द जुळवायचे तू, असं आपलं ठरलेलं होतं. तू मधीच उठून गेलास, अन् हे काम बी माझ्या गळ्यात आलं.

तू पहिल्यांदा पिंगळीत माझ्या दुकानात आलास ते घराच्या दारावर लावायला नावाची पाटी पाहिजे म्हणून. कंडक्टरचा खाकी ड्रेस, खांद्याला पिशवी. मी रंग कालवायलो अन् तुझी टकळी सुरू.

"पेंटर, समजा एक माणूस हाय. भर उन्हात वावरातून चाललाय. अन् त्याच्या पायाखालची माती फिरायली."

"पाटीवर काय लिहायचं ते सांगा."

"फिरायली, फिरायली, अन् माणूस गायब. नुसती वावटळ."

"मग?"

ते 'मग' म्हणलो तिथंच मी फसलो. पाटी राहिली बाजूला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मी तो माणूस काढला, कमरेपर्यंत माणूस अन् खाली धुळीचा भोवरा, तोंडाला दस्ती बांधलेली. तू बघत राहिलास. पुढं तुझ्या दारावर नाव लागायला दिवाळी उजाडली. शांतावहिनी ते अजून बोलून दाखवतात.

मी त्याच दिवशी तुला विचारलं होतं, "पावसाळ्यात काय करतो हा? चिखलात वावटळ उठत न्हाई."

तू खांद्याची पिशवी खाली ठेवलीस. मग म्हणलास, "पावसाळ्यात घरी बसतो. बायकोचं ऐकतो."

झालं. आपला हिरो चार महिने बिनकामाचा. सगळे चोर-दरोडेखोर ढग यायची वाट बघत बसायचे, अन् त्यातनंच तो खलनायक निघाला, ढगाजी. भर चैत्रात आभाळ आणायचा अन् वावटळ्याची ताकद जायची. पुस्तकं परभणीच्या एका छापखान्यात छापून घ्यायचास, अन् ती एसटी स्टँडवर, जत्रेत, बाजाराच्या दिवशी पालमला अशी विकली जायची. लोक विचारायचे, वावटळ्या कुणाचा? कोणत्या गावचा, कोणत्या आळीचा? तुझ्या वस्तीतले म्हणायचे आपला. आमच्या भावकीतले म्हणायचे आपला. दस्तीखाली कोण हाय ते तू कधी सांगितलं न्हाईस, मी कधी विचारलं न्हाई. कुणी लयच मागं लागलं की तू म्हणायचास, "धुळीचा हाय तो." अन् तिकीट फाडून हातात द्यायचास.

आपली काम करायची रीत लोकांना सांगितली तर खरी वाटत न्हाई. तुझ्या सुट्टीच्या दिवशी तू यायचास. आल्या आल्या "रामराम, पेंटर" म्हणायचास अन् मी म्हणायचो, "जय भीम, कंडक्टर." ज्याचं त्यानं म्हणायचं सोडून एकमेकांचं म्हणायचो, ते कधी सुरू झालं ते आठवत न्हाई. मग मी पोत्यावर बसायचो अन् तू दुकानात येरझाऱ्या मारत गोष्ट सांगायचास. लिहायचा न्हाईस, सांगायचास. ढगाजी झालास की आवाज घोगरा, म्हातारी झालास की डोक्यावर दस्ती. मी काढत जायचो. जो बोलायलाय त्याच्या तोंडाशी एक फुगा काढायचो, रिकामा. तू ओरडलास की मोठा फुगा, पुटपुटलास की लहान. सगळी पानं झाली की मग तू उकिडवा बसायचास अन् एकेक फुगा भरायचा. तू बोलायचास, मी अक्षर काढायचो.

"ह्यात हे वाक्य बसत न्हाई, कंडक्टर."

"फुगा लहान काढलास तू."

"तू लहान बोललास."

"मला खोकला झाला होता!"

"मग ढगाजीला बी झाला म्हण."

मोठ्या शहरातले लेखक आधी लिहितात अन् मग कुणी चित्रं काढतं, असं मला लय उशिरा कळलं. तोंड बघितल्याबिगर बोलणं कसं सुचतं त्यांना, कोण जाणे.

तुझी वाक्यं तुझ्या ड्युटीच्या पालमच्या गाडीतनं यायची. गर्दीत लोक जे एकमेकांना सुनवायचे ते तू उचलून आणायचास. त्यामुळं आपला राक्षस भर आभाळात उभा राहून म्हणायचा, "सरका की पुढं, मागची जागा काय तुमच्या मामानं राखलीय?" लोक पोट धरून हसायचे, कारण ते वाक्य त्यांनीच तुला ऐकवलेलं असायचं.

अन् ती म्हैस. ढगाजी डोंगरावर उभा राहून गरजतो, "आता हे सगळं जग माझं!" त्या फुग्याचं शेपूट मी खाली आणलं ते कोपऱ्यात चरणाऱ्या म्हशीच्या तोंडाशी येऊन थांबलं. तसंच छापलं गेलं. तू पुस्तक नाचवत दुकानात आलास.

"पेंटर, म्हैस जगाची मालक झाली!"

"शेपूट बरोबर हाय. म्हैस मधी आली."

"म्हैस तूच काढलीस ना?"

"तू सांगितलीस म्हणून काढली."

पुढच्या पुस्तकाच्या वेळी स्टँडवर पोरं विचारायलेत, म्हैस हाय का ह्यात? तेव्हापासून ती प्रत्येक गोष्टीत राहिली, अन् प्रत्येक गोष्टीत एकदा तरी जगावर हक्क सांगू लागली. शेपूट बरोबर होतं हे मी आज बी म्हणतो.

रंगारी कसा आला ते बी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच हाय. एका पानाच्या कोपऱ्यात जागा उरली होती, तिथं मी गमतीनं मलाच काढलं. हातात ब्रश, बाजूला रंगाचा डबा, डोक्याला रुमाल. तू लगेच त्याला गोष्टीत ओढलास. ढगाजीची माणसं त्याला उचलून नेतात असं केलंस, अन् त्याच्या तोंडी वाक्य दिलंस, "वाचव, वावटळ्या, मला वाचव!" मी ते अक्षर न् अक्षर काढलं. काढून झाल्यावर वाचलं. अन् ब्लेड घेऊन सगळा फुगा खरवडून टाकला.

"हे काय करायलास?"

"मी कुणाला वाचव म्हणत न्हाई."

"अरे तू न्हाईस तो, रंगारी हाय."

"रुमाल कुणाचा हाय? नाक कुणाचं हाय? माझ्या तोंडात तू शब्द घालायचे न्हाईत."

तू हसलास. पण ऐकलंस. तेव्हापासून रंगारी मुका. प्रत्येक गोष्टीच्या शेवटच्या चौकटीत वावटळ्या निघतो, पाय गरागरा फिरायला लागतात, अन् कोपऱ्यात रंगारी बसलेला, ब्रश हातात, एक शब्द बोलत न्हाई. पोरांना वाटायचं ह्याला जीभच न्हाई.

मधी तू पुण्याला गेलास. तिथल्या एका प्रकाशकानं तुझं पुस्तक बघितलं अन् बोलावून घेतलं, बिनपगारी रजा काढून गेलास. त्याला लेखक पाहिजे होता, पेंटर न्हाई. त्यांच्याकडं शिकलेली चित्रं काढणारी माणसं होती. तू म्हणलास, "जाऊ ना, ग्यानबा?" मी म्हणलं, "मला काय विचारायलास, मी काय तुझी बायको हाय?" तू गेलास. मी ट्रॅक्टरच्या मागं नावं काढत राहिलो. त्या उन्हाळ्यात वावटळी लय उठल्या, अन् एकीकडं बी मी मान वर करून बघितलं न्हाई.

एक दिवस तू परत दुकानाच्या दारात. वाळलेला, दाढी वाढलेली. रामराम बी न्हाई. येऊन येरझाऱ्या सुरू. मी पोत्यावर बसलेलोच होतो, पुठ्ठा ओढला. पान संपल्यावर मी विचारलं, "काय झालं तिकडं?" तू म्हणलास, "त्यांचा हिरो बारा महिने उडतो. पाऊस नाही, चिखल नाही, कुणी त्याला पुढं सरका म्हणत नाही. मला काही सुचंना." तू पुण्याची भाषा घेऊन आला होतास, 'नाही' म्हणायला लागला होतास. आठवड्यात ती गेली. ह्याच्या पलीकडं आपण पुण्याबद्दल कधी बोललो न्हाई. तू माझ्यासाठी परत आलास का गोष्टीसाठी, हे मी विचारणार न्हवतो अन् तू सांगणार न्हवतास.

मग पुढं पोरांच्या हातात मोबाइल आले. स्टँडवरच्या टपरीवाल्या पोरानं पुस्तकं ठेवायचं बंद केलं, छापखाना बंद पडला. फ्लेक्स आले अन् माझ्या पाट्या गेल्या. तू रिटायर झालास, माझी बायको गेली. तरी तू यायचास. गोष्ट असो नसो. चहा मागवायचा, येरझाऱ्या मारायच्या, ढगाजी आजकाल काय करत असंल ते बोलायचं. अन् मग एकदम घड्याळ बघायचास, "गाडी आली असंल, निघतो." तू निघालास की मी कधी मान वर केली न्हाई. ब्रश धुवायला घ्यायचो. धुवायला ब्रश नसला तर डब्याचं झाकण पुसायचो. तू दाराच्या बाहेर गेल्यावर रस्त्याकडं बघायचो. तुझी पाठ मला तुझ्या तोंडापेक्षा जास्त पाठ हाय.

ह्या वर्षी पोरांच्या एका मासिकाच्या संपादकबाईंनी तुला शोधून काढलं. लहानपणी त्यांच्याकडं आपलं एक पुस्तक होतं म्हणे, म्हशीवालं. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या अंकासाठी वावटळ्याची एक शेवटची गोष्ट द्या म्हणल्या. तू पळत आलास म्हणावं तर काठी टेकत आलास, पण तोंड पळत आल्यासारखं होतं. माझा हात आता हलतो, तरी काढलं. म्हातारा वावटळ्या काढला, गुडघे धरून फिरणारा. फुगे भरले. म्हशीनं जगावर हक्क सांगितला. शेवटची चौकट राहिली. नेहमीचीच. वावटळ्या निघालाय, पाय फिरायलेत, कोपऱ्यात रंगारी.

तू म्हणलास, "पेंटर, आता रंगाऱ्याला एक फुगा दे."

"कशाला?"

"दोघं बी म्हातारे झाले. एकदा तरी बोलू दे त्याला."

"काय बोलणार हाय?"

"तू फुगा काढ, मग बघू."

"मग बघू न्हाई. आधी सांग."

"आजवर कधी आधी सांगितलंय का? आधी फुगा, मग शब्द. तुझीच रीत हाय."

"ती दुसऱ्यांच्या तोंडाची रीत. माझ्या तोंडात न्हाई घालू द्यायचो."

"लय मगरूर हाईस, ग्यानबा."

"हाय."

"मर मग मुका!"

असं म्हणून तू उठलास. घड्याळ बघितलं न्हाईस, गाडी आली म्हणला न्हाईस. मी डब्याचं झाकण पुसत बसलो.

मला वाटलं येशील. नेहमी तूच यायचास. भांडलो की तू चार दिवस गप, मग परत दारात. मी ते पान खुंटीला अडकवून ठेवलं अन् वाट बघत बसलो. पेडगाव काही लांब न्हाई, मला बी येता आलं असतं. पण यायचं तू असतं, हे आपलं ठरलेलं. मग तुझ्या थोरल्या जावयाचा फोन आला. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसले, अन् बसलेलेच राहिले, म्हणला.

आलो तेव्हा तुला पांढऱ्या कपड्यात झोपवलेलं होतं. मी "जय भीम, कंडक्टर" म्हणलो. शेजारच्यांना काही येगळं वाटलं न्हाई, तिथं सगळेच जय भीम म्हणायलेले. रामराम म्हणणारा कुणी न्हवता.

कार्यक्रम संपल्यावर, मी माइक ठेवून खाली बसलो त्याच दिवशी, शांतावहिनी जवळ येऊन बसल्या.

"भावजी, ते शेवटचं पान झालं का?"

"न्हाई. तेवढ्यावरनंच भांडण झालं होतं, वहिनी."

"ठाव हाय. घरी येऊन लय बडबडले."

"रंगाऱ्याच्या तोंडी काय घालणार होता तो?"

वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या. "काही न्हाई," म्हणल्या. "मी बी तेच विचारलं. तर म्हणले, मी कशाला घालू? ग्यानबाला फुगा काढायला लावतो, अन् मग त्यालाच म्हणतो, बोल आता. तो सांगल ते लिहायचं. एवढी वर्षं सगळ्यांची बोलणी ऐकली, म्हणले, त्याचं एक वाक्य ऐकायचंय."

मिलिंदा, तुला तोंड न्हवतं? ढगाजीला बोलता केलास, म्हशीला बोलती केलीस, पालमच्या गाडीतली अख्खी गर्दी आभाळात नेऊन बोलती केलीस. मला तेवढं तुला सांगता आलं न्हाई, की ग्यानबा, वाक्य तुझं हाय? मी फुगा काढला असता. लगेच काढला असता असं न्हाई, थोडा आडमुठेपणा केला असता, पण काढला असता. आता विचारायला तू न्हाईस, अन् बोलायला मला लावलंयस. हा कुठला न्याय?

तिकडं संपादकबाईंचा फोन. अंक छापायला जायचाय, पान अडलंय. फुग्याचं भांडण मी त्यांना सांगितलेलं होतं. बाई चांगल्या हायेत, आवाज मऊ.

"काका, फुगा नको असेल तर तसंच छापू. हवा असेल तर मी सुचवू का एखादं वाक्य? 'तुझी गाथा अमर राहील, मित्रा', असं काहीतरी?"

"रंगारी असं बोलत न्हाई."

"मग तो कसं बोलतो?"

कसं सांगणार? तो कधी बोललाच न्हाई. मी म्हणलं, उद्या सांगतो, अन् फोन ठेवला.

त्या दुपारी पान खुंटीवरनं काढून पुढ्यात घेऊन बसलो. बाहेर रस्त्यावर वावटळ उठली, कागद, पाला, कुणाची तरी टोपी. लोक म्हणतील मिलिंद आला. मी तसलं मानत न्हाई. ह्या दिवसांत वावटळ उठतेच. पण ती दुकानापुढनं गेली तेव्हा माझा हात सवयीनं डब्याच्या झाकणाकडं गेला. पुसायला. अन् तिथं मला कळलं, रंगाऱ्याला काय म्हणायचं होतं ते. प्रत्येक सुट्टीच्या दिवशी, तू घड्याळ बघितलंस की, झाकण पुसता पुसता मी जे गिळत होतो तेच. दुसरं काही न्हवतंच त्याच्याकडं.

फुगा काढला, मिलिंदा. लहानच काढला, तो काही ओरडणारा माणूस न्हाई. शेपूट नीट रंगाऱ्याच्या तोंडाशी नेलं, म्हशीपासून लांब. आत अक्षर काढलं. एकेक रेघ थांबून थांबून. लिहिलंय ते एवढंच:

"बस की जरा."

वावटळ्याचे फिरते पाय पुसावेत अन् त्याला रंगाऱ्याजवळ डब्यावर बसवावं, असं लय वाटलं. ब्रश पांढऱ्यात बुडवला बी होता. मग धुऊन ठेवला. तू सांगितलेली चौकट मी कधी बदलली न्हाई, आता बी बदलत न्हाई.

जय भीम, कंडक्टर.

ग्यानबा पेंटर, पिंगळी